सावलीतली ओवरी

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो, आणि माझी बायको इंग्लंडमधल्या एका मठाच्या ओवऱ्यांवर पीएच.डी. करत होती. मठ तिने कधी पाहिला नव्हता. कॅथीड्रलला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चला, लागून एक चौक, त्याच्या चारी बाजूंना ओवऱ्या, आणि त्यांत बसून लिहिणारे मध्ययुगातले साधू. पुढे एका राजाने मठ मोडले, गावकऱ्यांनी दगड नेले, आणि जमिनीत पाया तेवढा राहिला. आम्ही नागपूरचे बौद्ध. लहानपणी वडिलांनी तिला लेण्यांतले विहार दाखवले होते. लायब्ररीत या मठाचा नकाशा पाहिला आणि ती हरखली. घरी येऊन म्हणाली, हा तर आपला विहारच.

जाऊन बघायची सोय नव्हती. माझ्या कंपनीने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला होता, आणि निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर सगळं मुसळ केरात, असं वकिलाने बजावलं होतं. मी सारखा फोन करायचो, तो थांबा म्हणायचा. दुसऱ्याला थांबवून स्वतः निवांत जेवणाऱ्या माणसांचा मला अजून राग येतो.

तिच्या प्रबंधाचा डोलारा एका प्रश्नावर उभा होता: साधू नेमके कुठल्या ओवरीत बसून पोथ्या लिहीत? जुन्या दुरुस्तीच्या कागदांत ‘बंधू लिहितात ती ओवरी’ एवढाच उल्लेख होता, दिशा नव्हती. मग तिने नकाशावरच ऊन फिरवून पाहिलं. उत्तरेची ओवरी चर्चच्या भिंतीला टेकलेली, तोंड दक्षिणेला, म्हणजे दिवसभर उन्हात. समोरची सावलीत. तिने सावलीतली निवडली. पोळ्या लाटता लाटता मला विचारलं, तर मीही लगेच मान डोलावली. उन्हात बसून कोण लिहील? नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या आम्हा दोघांना दुसरं काही सुचलंच नाही. त्या सावलीवर तिने पुढची सगळी प्रकरणं रचली.

तिचे प्राध्यापक त्या गावात कित्येकदा राहून आले होते. प्रकरणं वाचून ते ओरडले नाहीत, तेच वाईट. त्यांनी शांतपणे सांगितलं, तिथल्या थंडीत बोटं आखडतात, साधू ऊन शोधत बसायचे, आणि एक सकाळ तिथे उभं राहिलेल्या कुणालाही हे कळेल. आधी जाऊन ये, मग नव्याने लिही. तोपर्यंत फेलोशिप पुढे चालू ठेवता येणार नाही.

ती घरी आली, हे सगळं मला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. आमच्या अपार्टमेंटलाही मध्ये चौक होता, चारी बाजूंना बिल्डिंगा. फेब्रुवारी होता. तीन बाजूंना स्नो तसाच होता. उत्तरेच्या भिंतीशी, जिथे ऊन पडायचं, तिथे गवत दिसत होतं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाई खुर्ची टाकून पेपर वाचत बसल्या होत्या.

“बघा,” ती म्हणाली. “दर विंटरला हे असंच असतं. मी रोज इथेच टेबलाशी बसून लिहीत होते.”

मी म्हणालो, पुन्हा लिही, मी आहे ना. माझ्या तोंडचं ते वाक्य मलाच पोकळ वाटलं.

“चुकले त्याचं काही नाही हो,” ती म्हणाली. “तिथे जाऊन चुकले असते तर चाललं असतं.”

तिने एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी धरली. मधल्या हॉलमध्ये क्युबिकल, खिडकी नाही. नकाशे गुंडाळून तिने कपाटावर टाकले, मी ते काढायला धजलो नाही. तिच्यासारखी हुशार बाई दिवसभर क्लेम तपासत बसते, हे बघून मला रडू यायचं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी टीव्ही लावायचो.

ग्रीन कार्ड आलं तोवर दशक सरत आलं होतं. त्या संध्याकाळी मी ट्रॅव्हल एजंटकडून लंडनच्या फ्लाइट्सची चौकशी करूनच घरी आलो. म्हणालो, चल, आता कुणी अडवत नाही, तुझ्या ओवऱ्या बघून येऊ.

“आता काय बघायचं?” ती म्हणाली. “ऊन कुठे पडतं ते कळलंय मला.”

आणि तिने पानं वाढायला घेतली.