काकूंच्या बाजूचं दार

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना कारखान्यात सगळे भिंग म्हणायचे. एकतीस वर्षं ते मोटारींच्या रंगखात्यात तपासनीस होते. पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभं राहायचं, रंगात अडकलेला धुळीचा कण शोधायचा आणि गाडी परत पाठवायची, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर कण शोधायला गाडी उरली नाही. म्हणून त्यांनी स्वतःची घेतली. गडद निळी.

दीड वर्षात ती चारशे बारा किलोमीटर चालली. त्यातले बरेच दुकानापासून घरापर्यंतचे आणि उन्हातून सावलीतले.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि घरी बसलो. त्यामुळे रविवारी त्यांच्याशी गप्पा मारायला मला भरपूर वेळ असे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि हात बॉनेटवरून फिरवायला लावला.

"काय लागतं?"

"काही नाही."

"म्हणून तुला नोकरी नाही. परत फिरव."

परत फिरवला. खरंच, पिशवीतून बारीक रवा लागल्यासारखा वाटला. रस्त्यावरची लोखंडाची धूळ, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक. नुसत्या हाताला हे कळत नाही, पिशवीतून कळतं. मी थक्क झालो. मग मी त्यांना माझी एक कविता वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत खडा आहे." होता.

हा रवा काढायला त्यांच्याकडे माती होती. माती म्हणजे कणकेसारखी मऊ, राखाडी वडी. साबणाचं पाणी मारायचं आणि तिला रंगावरून अलगद फिरवायचं. कण तिला चिकटून येतात. नियम एकच. ती जमिनीवर पडली की वाळू चिकटते, मग टाकून द्यायची. हा नियम मी वीस वेळा ऐकला होता. एकदा त्यांच्या हातून नवी कोरी वडी पडली. त्यांनी ती चिमटीत धरून कचऱ्यात टाकली आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

काकूंना गाडीत बसून एकाच ठिकाणी जायचं होतं. मोठ्या बहिणीकडे, ताईंकडे. तासाभराचा रस्ता. तीनदा ठरलं. पहिल्यांदा कबुतर आडवं आलं, म्हणजे टपावरून गेलं. दुसऱ्यांदा चीक. तिसऱ्यांदा नुसतं आभाळ आलं. तिन्ही वेळा काकू बसने गेल्या. मग ताईंनी फोनवर विचारलंच, "गाडी आहे ना गं तुमच्याकडे? की दुसऱ्याच्या गाडीपुढे उभं राहून फोटो काढलात?"

आता ताई मुलाकडे परदेशात कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सोमवारी सकाळी. म्हणजे हा रविवार शेवटचा.

त्या रविवारी अकरा वाजता मी खाली आलो, तर काका गाडीसमोर हात मागे बांधून उभे. माळ्याने कुंपणाच्या झाडांना नळीने पाणी घातलं होतं. फवारा गाडीवर उडाला आणि उन्हात वाळला. निळ्या रंगावर पांढरी वर्तुळं. शेकडो.

"क्षार," काका म्हणाले. एखाद्याला असाध्य रोगाचं नाव सांगावं तसं.

काकू गॅलरीत आल्या. "मी दोन वाजता खाली येणार. गाडी तयार नसेल तर बसने जाईन. आणि ताईला सांगेन, विकली."

"विकली?"

"तिला तेवढं तरी पटेल."

काका कामाला लागले. आधी गाडी धुतली. मग स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आलं. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, फडक्याने डागावर दाबून धरायचं आणि लगेच धुऊन काढायचं.

"गाडीला लावतात तेवढं औषध मला लावलं असतं ना," काकू वरून कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "तर गुडघा बरा झाला असता."

दीड वाजता डाग गेले. मी म्हटलं, "झालं, काका. कपडे बदला."

त्यांनी हातात पिशवी चढवली. काकूंच्या बाजूच्या दारावर रवा लागला.

"राहू द्या ना."

"ताईंनी हात लावला तर?"

"त्या पिशवी घालून हात लावणार आहेत का?"

त्यांना हा प्रश्न अगदीच बालिश वाटला असावा. त्यांनी मातीची शेवटची वडी काढली. हात साबणाने बुळबुळीत होते. वडी निसटली आणि फरशीवर पडली.

दोनला दहा मिनिटं होती. काकांनी वडीकडे पाहिलं. जिन्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग ती उचलली, खाली पडलेलं बिस्किट फुंकावं तशी फुंकली, दुमडली आणि मळून घेतली.

"पडली नाही," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

दोन-तीन हात फिरले आणि बारीक करकर ऐकू आली. त्यांनाही आली असणार. पण ते थांबले नाहीत. अख्खं दार संपवलं, धुतलं, पुसलं. उन्हात दारभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकले. एकतीस वर्षांत असं दार त्यांच्या हाताखालून गेलं नसेल.

काकू इस्त्रीची साडी नेसून खाली आल्या. काका दाराला पाठ टेकून उभे.

"मागे बस. मागे ऐसपैस आहे."

"मागे का? मी काय पाहुणी आहे?"

काका बाजूला झाले. काकूंनी दार पाहिलं, उघडलं, बसल्या. "छान झाली की. बघा, तीन तासांत होतं. दीड वर्ष नुसता घोळ."

काकांनी गाडी सुरू केली. फाटकाशी माळ्याची नळी अजून चालू होती. बॉनेटवर फवारा उडाला. गाडी थांबली नाही.

सात वाजता दोघं परतले. काकू गाडीतून उतरता उतरताच सांगू लागल्या. "ताईने चष्मा लावून गाडीभोवती फेरी मारली. दारावर बोट फिरवलं. म्हणाली, ओरखडे पडलेत गं. म्हणजे वापरता तर! मी उगाच बोलले."

मी काकांकडे बघायचं टाळलं.

"मग हेच म्हणाले, चला, तळ्यापर्यंत चक्कर मारू. चार माणसं कोंबली. ताई पुढे." काकूंनी आपल्या बाजूचं दार लावलं. "खूप हसली आज." आणि जिना चढून गेल्या.

काकांनी खिशातून पिशवी काढून माझ्या हातात दिली. "घाल. त्या दारावरून फिरव."

मी फिरवला. रवा नव्हता. ओरखडे डोळ्यांना दिसत होते, पिशवीला लागत नव्हते.

"काय लागतं?"

"काही नाही."

या वेळी त्यांनी माझ्या नोकरीचा विषय काढला नाही. "पास," ते म्हणाले आणि दाराकडे न बघता वर गेले.