चष्मेवाल्याचं ग्राफिक्स कार्ड

राहतं घर घेताना चष्मेवाल्याने दोन खोल्या पाहिल्या आणि हातातला चहा संपायच्या आत होकार देऊन टाकला. आणि आता कॉम्प्युटरच्या एका कार्डासाठी हा बाबा महिनाभर घोळ घालत होता. त्याच्या बायकोच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

सगळ्याचं मूळ तो गेम. धाकटा भाऊ परगावी असतो. फोनवर "बरंय, ठेवतो" यापलीकडे दोघांचं कधी गेलं नाही, पण संध्याकाळी हेडफोन चढवून लढाईचा गेम सुरू केला की गोळ्या झाडता झाडता सगळं बाहेर पडायचं. आईची आठवण, गुडघेदुखी, पोरांची कटकट, सगळं. हल्ली मात्र चष्मेवाला पहिल्या फटक्यातच मरायचा. म्हणे, धुक्यातून शत्रू येतो आणि टिपून जातो. गेममधल्या त्यांच्या टोळीतली बाकीची पोरं वैतागली. रविवारच्या सामन्यात याला जमलं नाही तर दुसरा घेऊ, म्हणाली. म्हणजे दोघा भावांचं बोलणंच संपलं की!

"दादा, तुझं कार्ड जुनं झालंय रे, चित्र धूसर येत असेल," धाकटा म्हणाला.

झालं! दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत जे विचारायचं, तेच घरी सुरू झालं. दोन कार्डांचे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावायचे आणि बायकोला हाक मारायची.

"अगं, हे स्पष्ट की हे?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघ."

"अहो, मी बायको आहे तुमची, गिऱ्हाईक नव्हे!"

दुकानात ती फ्रेममध्ये काचा बसवते, म्हणजे तिथेही सुटका नाही. एका म्हाताऱ्या काकूंची हनुवटी मशीनवर टेकवून, कार्डाच्या जीबीच्या विचारात या गृहस्थाने विचारलं, "आठ पुरेल का सोळाच घेऊ?" आपला नंबर एवढा वाढला या धास्तीने काकू रडकुंडीला आल्या. कॉम्प्युटरवाल्याने तर हात जोडले. हे कार्ड तुम्हाला पुरतं, ते घेतलंत तर पॉवर सप्लायही बदलावा लागेल आणि वर ते कॅबिनेटमध्ये मावायचं नाही, असं त्याने परोपरीने समजावलं. चष्मेवाला मान डोलावून घरी यायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी आणलं काय? तर न मावणारंच! कॅबिनेटचं झाकण लागेना, ते तसंच उघडं राहिलं.

आणि पहिल्याच संध्याकाळी साहेब पुन्हा मेले.

"धुकं आहेच! हेही कार्ड बोगस. उद्या बदलून आणतो."

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली. धुकं? पडद्यावर लख्ख ऊन पडलं होतं. लांबच्या गच्चीवरचा माणूस आणि त्याच्या बंदुकीची नळीसुद्धा तिला दारातून दिसत होती. त्या संध्याकाळी ती भांडली नाही.

सकाळी दुकान उघडल्यावर तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला.

"मला काय धाड भरलीय?"

"वाचा म्हणते ना!"

त्याने वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं, शेवटची ओळ तर उलटसुद्धा. "झालं समाधान?"

"खालच्या ओळींवर मी कोरा कागद चिकटवलाय, अहो."

तो उठून तक्त्यापाशी गेला. कागदावरून त्याने बोट फिरवलं. उभी हयात जे रोज ऐकलं ते तोंडपाठ असणारच की.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुपारी डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन केलं की दिसेल. घरी येताच तिने धाकट्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, कार्डाला काही झालं नव्हतं. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

मग धाकटा म्हणाला, "मला शंका होती, वहिनी. वर्षभर मीच सांगतोय त्याला, दादा उजवीकडे बघ, दादा गच्चीवर आहे. मी सांगितल्यावरच तो झाडतो. हल्ली तेवढ्यानेही भागेना."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? कार्डाचं खूळ कशाला घातलंत डोक्यात?"

"चष्मेवाल्याला कसं सांगू, तुला दिसत नाही म्हणून? धीर नाही झाला. म्हटलं, नवं कार्ड लावूनही दिसेना की त्याचं त्यालाच कळेल."

"दोघे एका माळेचे मणी!" ती ओरडली.

चष्मेवाला फोनजवळ सरकला. "रविवारी दुसरा कुणी घ्या रे."

"पोरांना सांगून टाकलंय मी. दादा नसेल तर मीही नाही. तू बस, मी सांगतो कोण कुठून येतंय ते."

बायकोने डोळे पुसले आणि दोघांवर पुन्हा करवादली, "मेल्यांनो, एवढं बोलायला कार्ड कशाला लागतं तुम्हाला?"