गुणाजीचा खांदा

मरोळच्या कारखान्यात गुणाजी वर्षभर मान खाली घालून राबायचा, तो शिमग्याच्या रजेसाठी. शिमग्यात देवीची पालखी गावात घरोघर फिरते. आपल्या अंगणात ती आपल्याच खांद्यावर नाचवायची, एवढीच त्याची हौस. बाकीचे दिवस मुंबईनं खुशाल न्यावेत.

त्या वर्षी राजापूरच्या एसटीचं तिकीट खिशात असताना त्याला जुलाब लागले. अंगात ताप होता, रक्तही पडत होतं. गेल्या वर्षीच्या उरलेल्या, जुलाब थांबवायच्या गोळ्या त्यानं शोधून काढल्या.

"दोन-तीन एकदम घेतो. गावापर्यंत पोट गप्प बसेल."

बायकोनं, विमलानं, त्या हिसकावल्या आणि त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"तेव्हा साधे जुलाब होते म्हणून दिल्या," डॉक्टर म्हणाले. "आता ताप आहे, रक्त आहे. या गोळ्यांनी घाण आतच कोंडेल आणि जिवावर बेतेल. मला विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. दुसरं औषध देतो. प्रवास बंद."

"पालखी थांबायची नाही ना, डॉक्टर."

"तू जगलास तर पुढच्या वर्षीही येईल."

पालखीच्या दिवशी गुणाजी खोलीच्या दारात मीठ-साखरेचं पाणी पीत बसला होता. आत्ता ती अंगणात आली असेल. पुतण्यानं खांदा दिला असेल.

रिकामा पेला घ्यायला विमला आली आणि तशीच मागे फिरली. त्याचा उजवा खांदा, पालखीच्या दांड्याखाली द्यावा तसा, झुकलेला होता.