दर्शन नव्हे, पाहाले

शीलावहिनींचा फोन आला, "मास्तर, हे गेले... पेपरात तुमीच द्या." पांढुर्ण्याचा आमचा वार्ताहर मिलिंदभाऊ गेला आणि त्याचीच बातमी द्यायला वार्ताहर उरला नाही. मी शाळामास्तर. अंत्ययात्रा दुसऱ्या दिवशी होती, म्हणून लगेच चार ओळी लिहायला बसलो. 'अंत्यदर्शनासाठी' असं लिहिलं आणि हात थांबला. त्याला या शब्दाचा भारी राग. खोडून 'शेवटच्या भेटीसाठी' केलं आणि पाठवलं.

नागपूरच्या एका मराठी पेपरला तो वर्षानुवर्षं बातम्या पाठवायचा. संत्र्याचे भाव, मोहगावचा बंद नळ, असलंच. माणूस खडूस. पुढाऱ्याच्या बातमीत 'पावन', 'अवतार', 'चरणस्पर्श' दिसलं की लाल पेनानं गोल मारायचा, बाजूला साधा शब्द लिहायचा आणि कात्रण फायलीत चिकटवायचा. "मी विहारात जातो, तू मंदिरात जा," म्हणायचा, "पण साहेब हेलिकॉप्टरनं आला तं त्याले माणूसच राहू दे ना बाप्पा!"

शुगरनं त्याची नजर गेली तशी तो सांगायचा आणि मी मोबाइलवर लिहायचो. सौंसरला साहेबांची सभा होती, तेव्हा मीच त्याला गाडीवर बसवून नेलं. लोक तीन तास उन्हात. आमच्या शेजारी रामाकोन्याची एक बाई भोवळ येऊन पडली आणि मंडपात प्यायला पाणी नव्हतं. त्यानं तेवढंच सांगितलं. मी सवयीनं विचारलं, "लोक दर्शनाला आले, असं टाकू?"

"पाहाले आले, मास्तर. पाहाले लिही. दर्शन म्हटलं की मंग पानी नव्हतं हे सांगता येत नाही. देवाच्या दारी कोनी तक्रार करते का?"

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. मथळा होता, 'साहेबांच्या दर्शनाने सौंसर पावन'. उन्हातल्या तीन तासांची 'तपश्चर्या' झाली होती. बाई गायब. आणि वर मिलिंदभाऊचं नाव. तो खाटेवर बसून म्हणाला, "वाच." माझी हिंमतच झाली नाही. त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं आठवून वाचलं. "बाई हाये का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. "बस मंग," म्हणाला आणि आडवा झाला... मला वाटलं, म्हाताऱ्याला दुःख तरी दिलं नाही.

विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाली, त्या दिवशी वहिनींनी ती फाइल माझ्या हातात दिली. शेवटचं कात्रण त्याच सभेचं होतं, वाकडं चिकटवलेलं. लाल गोल 'दर्शनाने'वर मारायचा तो साहेबांच्या फोटोवर पडला होता. बाजूला मोठ्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाहाले'.

"माह्याकडून वाचून घेतलं होतं यायनं," वहिनी म्हणाल्या. "म्हने, मास्तरले सांगू नको, त्याले वाईट वाटन."

वाईट वाटून आता काय उपयोग! तो सगळं जाणून होता आणि त्यानंतरही कितीतरी दिवस माझ्याकडून बातम्या वाचून घेत राहिला, मी वाचीन तशा.

त्याच्या निधनाची बातमीही पेपरानं बदलूनच छापली, 'अंत्यदर्शनासाठी पार्थिव घरी'. मी ती कापून त्याच फायलीत पुढच्या पानावर चिकटवली आणि गोल मारायला त्याचं लाल पेन उघडलं. मग आठवलं, अंत्ययात्रेच्या दिवशी त्याच्या घरापुढच्या रांगेत मीही उभा होतो, हात जोडून. पेन उघडंच राहिलं आहे. काय लिहू, हे सांगायला तो नाही.