भात शेवटी येतो

नाइट्सचा आठवडा संपला की माणसाला झोपू द्यावं. एवढी साधी गोष्ट माझ्या नवऱ्याला लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कळत नव्हती. त्या शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलमधून येऊन जेमतेम पडले होते, तर हा खोलीच्या दारात उभा. म्हणाला, "ऊठ ना. आईला लंडन दाखवायचंय. संध्याकाळी तिकडेच जेवू."

सासूबाई सहा महिने आमच्याकडे लेस्टरला होत्या आणि बुधवारी पुण्याला परत जाणार होत्या. लंडन राहूनच गेलं होतं. राहणारच. आम्ही दोघंही डॉक्टर, वीकेंडला दोघांपैकी एक तरी ऑन-कॉल.

पण लंडन हे निमित्त होतं. मला कार्डिफला रजिस्ट्रारची, म्हणजे स्पेशालिस्ट होण्याच्या ट्रेनिंगची, पोस्ट मिळाली होती. ज्या ट्रेनिंगसाठी मी वर्षानुवर्षं अर्ज करून नकार पचवले, तीच. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं तर सोमवार ते शुक्रवार मी तिकडे. आणि इकडे आमची पाच वर्षांची मुलगी, तिची शाळा, तिचा डबा आणि तिचा बाप, ज्याला वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं ते अजून मला विचारावं लागायचं. सासूबाई काही महिने पुण्याला राहून परत आल्या असत्या तर सगळं जमलं असतं. फक्त त्यांना विचारायचं होतं, आणि तेच महिनाभर राहिलं होतं. मी म्हणायचे, तुझी आई आहे, तू विचार. तो म्हणायचा, पोस्ट तुझी आहे, तू विचार, तुला ती नाही म्हणणार नाही.

जेवायला कुठे, तर इझाकायात. ट्रेनमध्ये त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. जपानी लोक ऑफिस सुटलं की तिथे जातात, प्यायला आणि त्याबरोबर थोडं थोडं खायला. छोट्या छोट्या डिश येतात, सगळ्यांनी मधोमध ठेवून वाटून खायच्या, निवांत गप्पा होतात. गप्पांसाठी मला आमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरचा मसाला डोसा पुरला असता. पण भांडायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. त्या काळी आत सिगारेटी चालायच्या, त्यामुळे सासूबाई पदर नाकाला लावूनच बसल्या. बाक अरुंद, पाठ टेकायची सोय नाही. दिवसभर त्या राजवाडे आणि पूल बघत फिरल्या होत्या, पाय सुजले होते, पण तक्रार नाही. नवऱ्यानं एका दमात ऑर्डर देऊन टाकली: सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, भाजलेलं वांगं, टोफू, भाज्यांची भजी, स्वतःपुरतं काडीला लावलेलं चिकन आणि एक बिअर.

"भात आहे ना रे यांच्याकडे?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगितलाय आई."

आधी शेंगा आल्या. छान वाफाळत होत्या. कुणी हात लावला नाही, कारण आमच्यात मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि सासूबाई पान पूर्ण वाढून झाल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. त्यांचं जेवण सुरू होतं ते भातानं. भात, त्यावर वरण, त्यावर तूप, मग पहिला घास. हे वळण त्यांनी सहा महिन्यांत माझ्या मुलीलाही लावलं होतं, जे मला पाच वर्षांत जमलं नव्हतं.

वांगं आलं. टोफू आला. भजी आली, नवऱ्याचं चिकन आलं. टेबल भरलं आणि त्यानंतर काहीच येईना. तिथली वाढपी मुलगी दुरून आमच्या टेबलाकडे बघायची आणि तशीच पुढे जायची. आम्हाला वाटलं, भात शिजत असेल.

"आजी, मला भूक लागला," माझी मुलगी म्हणाली.

"लागली म्हणावं. भात येऊ दे, बाळ."

भजी गार होत होती. रात्र रात्र जागून आलेल्या बाईला गार होणारी भजी बघत बसवणं हा निव्वळ छळ आहे. त्यात टेबलाखालून नवरा मला पाय मारत होता, म्हणजे विचार आता. मी उलटा मारला, म्हणजे तूच विचार. त्यानं बिअरचा घोट घेतला आणि छताचे कंदील बघायला लागला. मी मनात वाक्य जुळवत होते. आई, तुम्हाला त्रास होईल हे कळतं, पण. 'पण'च्या पुढे माझी गाडी जात नव्हती.

शेवटी ती वाढपी मुलगीच आली. काही बिघडलंय का, आवडलं नाही का, म्हणून अगदी हळू आवाजात विचारलं. नवरा म्हणाला, आम्ही भाताची वाट बघतोय. तिचा चेहरा एकदम खुलला. भात आमच्याकडे शेवटी देतात, ती म्हणाली. सगळं खाऊन-पिऊन झालं की पोट भरायला भात, आणि मग घरी. तुम्ही काहीच खाल्लं नाही म्हणून किचन थांबलंय.

मी सासूबाईंना हे मराठीत सांगितलं.

"म्हणजे आपण त्यांच्यासाठी थांबलोय आणि ते आपल्यासाठी," त्या म्हणाल्या. जरा हसल्या. मग पदर नाकावरून काढून खांद्यावर घेतला. "आपल्या घरात तरी दुसरं काय चाललंय?"

"तुमच्या त्या घराच्या भिंती कागदासारख्या आहेत. तू विचार, तू विचार, रोज ऐकते मी. मी पण थांबले होते, कुणीतरी विचारेल म्हणून. म्हणजे मला 'नाही' म्हणता आलं असतं." त्यांनी एक गार भजं उचललं, हातानंच, आणि खाल्लं. "घ्या, मी सुरुवात केली. मी परत येणार नाही. दमले गं मी. त्या थंडीत पोरीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, मधला सगळा दिवस भिंतीशी बोलायचं. तुम्ही घरी येता ते झोपायला. तिकडे माझं घर आहे, माझी माणसं आहेत. मला तिथे राहायचंय."

सरळ सांगते, आधी मला राग आला. पोस्ट गेली हे मला दिसत होतं. आणि त्या काही चुकीचं बोलत नव्हत्या हेही कळत होतं. त्यांच्याइतकीच मीही दमले होते, आणि दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसाकडे काय मागायचं? माझे डोळे भरून आले. धूर होता, त्यामुळे कुणाला कळलं नसावं.

नवरा माझ्याकडे बघत होता. "मग आता तू काय करणार? सोमवारी नाही कळवून टाक. पुढच्या वर्षी बघू."

अशा वेळी मी 'जाऊ दे, राहू दे' म्हणते. नऊ वर्षं म्हणत आले. ते तोंडाशी आलंही होतं, पण तेवढं बोलायचेही कष्ट मला नको वाटले. मी शेंग सोलून मुलीला दिली, एक स्वतः खाल्ली.

"तिच्याकडे काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "पोर तुझीही आहे ना?"

"आई, माझा ड्यूट्यांचा रोटा कसा असतो तुला माहितीये."

"तिचा पण माहितीये."

आम्ही खाल्लं. गार झालं होतं तरी वांगं चांगलं होतं, मी बरंचसं एकटीनं संपवलं. टेबल रिकामं झालं तसा भात आला, लाकडी भांड्यात. माझा हात सवयीनं चमच्याकडे गेला. सासूबाईंनी तो मधल्या मध्ये धरला आणि भांडं लेकाच्या पुढ्यात सरकवलं.

"आज तू वाढ."

त्यानं वाढलं. आईला, मुलीला, मग मला. अंदाज नव्हता, चांगला भरभरून वाढला. त्याच्या स्वतःच्या वाटीत पडली ती तळाशी उरलेली चार शितं.

"मला एवढाच?" तो म्हणाला.

"शेवटी घेणाऱ्याला एवढाच उरतो," सासूबाई म्हणाल्या. "जेव आता."

सोमवारी मी कार्डिफला हो कळवलं. मुलीला शाळेतून आणणार कोण, ते तोवर ठरलं नव्हतं. संध्याकाळी मी झोपायला गेले तेव्हा तो एका चाइल्डमाइंडरला, घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला, फोन करत होता. मधेच फोनवर हात ठेवून त्यानं विचारलं, शाळा किती वाजता सुटते गं? सासूबाई बॅग भरत होत्या. त्यांनी पुढची साडी घडी करायला घेतली. मी खोलीचं दार लावून घेतलं.