मामांचा पाय आणि ते पोरगं

कोल्हापुरात झोपेत बोलणारे पुष्कळ असतील, पण झोपेत चालत मुक्कामाला पोचणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सारी नोकरी त्यांनी शेतांची मोजणी करत बांधाबांधानं चालण्यात घालवली आणि निवृत्त झाल्याची बातमी पायांना द्यायची तेवढी विसरले. वाहन हा प्रकारच त्यांना आवडत नाही. आमचं लग्न कोडोलीला होतं. मामा आदल्या दिवशी चालत निघाले, वाटेत एका आमराईत त्यांचा डोळा लागला आणि ते पोचले तेव्हा मांडव सोडत होते. अक्षता चुकल्या म्हणून मामी तणतणल्या, तर म्हणाले, "लगीन झालं न्हवं? मग झालं की." एकदा भाचीला निरोप द्यायला हातकणंगल्याच्या स्टेशनावर चालत गेले. गाडी केव्हाच निघून गेली होती, पण आलोच आहोत तर म्हणून रिकाम्या रुळांकडे बघून त्यांनी बराच वेळ हात हलवला. पहाटे रंकाळ्याच्या कडेनं धुक्यातून ते यायचे तेव्हा डोळे अर्धे मिटलेले आणि ओठांवर कसलंसं हसू असायचं. फार कडेला गेले, तर ओळखीचं कुणीतरी हलकेच खांदा धरून त्यांना वाटेला लावायचं. मी विचारलं तर म्हणायचे, "झोपलो न्हवतो, जावईबापू. जरा लांब गेलतो."

अशाच एका पहाटे सोळा वर्षांच्या एका पोरानं कुणाची तरी मोटारसायकल पळवली आणि भरधाव येऊन मामांना उडवलं. पोराचं नाव मी सांगणार नाही, कारण कायदा तसं म्हणतो आणि मामांनीही मला तशी शपथ घातली आहे. पोरगं स्वतः पडलं, उठलं, मामांकडे एकदा बघितलं आणि पळालं. दुपारी सापडलं. तोवर मामांच्या उजव्या पायात सळई बसली होती आणि यापुढं काठीशिवाय चालता येणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते.

गल्लीत दुसरा विषय नव्हता. गाडी पळवायची अक्कल येते, तर शिक्षाही मोठ्या माणसाची द्या, असं मामांचा मुलगा म्हणत होता. मीही मान डोलावत होतो. खरं सांगायचं तर मी त्याच्यापेक्षा वाईट बोललो होतो. मामा छताकडे बघत पडून असायचे. आम्हाला वाटलं, आता हे संत होणार आणि माफ केलं म्हणणार. पण मामा रागावले होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच रागावलेलं बघत होतो.

"पाय मोडला, त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर त्यो पळाला. माझ्याजवळ दोन मिनिटं बसला असता, तर मला एवढा राग आला नसता."

मुलांच्या न्याय मंडळासमोरही त्यांनी हेच सांगितलं. तुमचं म्हणणं काय, असं तिथल्या बाईंनी विचारल्यावर म्हणाले, ह्याला कोंडून ठेवलं तर हा पळायच्या वाटाच शोधत बसेल. त्यापेक्षा सकाळी माझ्यासंगं चालू दे. मंडळानं चौकशी केली, पोराच्या आईशी बोलणं केलं आणि इतर अटींबरोबर तीही घातली. मामांच्या मुलानं आठवडाभर वडिलांशी अबोला धरला.

पहिले काही दिवस बघवत नव्हते. मामा दहा पावलं टाकायचे आणि काठीवर रेलून उभ्या उभ्या कुठंतरी हरवून जायचे. पोरगं पुढं जाऊन मोबाईल काढायचं, परत यायचं, जांभया द्यायचं. हळूहळू तेही मामांशेजारी उभं राहून पाण्याकडे बघू लागलं. मग एकदम चार दिवस आलंच नाही. मामा काठी टेकत त्याच्या घरी गेले आणि पायरीवर बसून राहिले. त्याची आई ओशाळून गेली. शेवटी पोरगं बाहेर आलं आणि म्हणालं, लोक बोटं दाखवतात, हाच तो म्हणून.

मामा म्हणाले, "मलाबी दाखवत्यात. हाच त्यो, झोपंत चालतोय."

पोराला हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आलं.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून मामांची काठी सटकली आणि ते डोक्यावर पडले. मी मागून येत होतो. पोचेपर्यंत गर्दी जमली होती. कुणीतरी पोराला ओळखलं, ह्यानंच ढकललं म्हणालं आणि कॉलर धरली. पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गर्दीत पळायला जागा होती, मला दिसत होती. त्यालाही दिसली असणार. पण मामांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि पोरगं जागचं हललं नाही. एक चापट बसली तरी हललं नाही. मी ओरडून लोकांना बाजूला केलं. मामांनी डोळे उघडले, वर बघितलं.

"थांबलास व्हय?" एवढंच म्हणाले.

त्यावर ते पोरगं जे रडायला लागलं, ते दवाखान्यात जाईपर्यंत थांबलं नाही.

आता त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. मुदत संपली, कागद मिटले. पोरगं गडहिंग्लजला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामाला लागलंय. सगळं गोड झालं असं नाही. मामांचा मुलगा अजून त्याचं नाव काढू देत नाही, आणि ते त्याचं चुकतं असं म्हणायची माझी छाती होत नाही, कारण मामांचा पाय काही परत आला नाही. हल्ली ते अंगणाच्या कट्ट्यावर बसूनच लांब जाऊन येतात.

परवा सकाळी मी शेजारी बसलो होतो. गडहिंग्लजहून पोराचा फोन आला. मामा तो कानाला लावून बराच वेळ नुसतं ऐकत होते. काय म्हणत होता, असं मी विचारलं.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "तिकडं धुकं पडलंय म्हणाला."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आत मामींनी चहा ठेवला होता, पण मी हाक मारली नाही.