सुनंदाकाकूंच्या पोटाची सुतळी

"नॉर्मल. पुढचं कोण?"

डॉक्टरसरांनी सुनंदाकाकूंना काट्यावरून उतरवलं. मी मध्ये पडले.

"सर, काकूंची शुगर करायची."

"बीएमआय बघ, बावीस आहे. स्ट्रिप मोजक्या आणल्यात. जाडे आधी."

पेणजवळ जोहे गावातल्या गणपती कारखान्यातला हा आमचा तपासणी कॅम्प. मी पेणला रामवाडीतल्या एका संस्थेत काम करते. पत्रकं वाटते, कॅम्प लावते, गरज पडली की भांडते. तर हा बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीचा हिशेब. उंचीच्या मानाने माणूस जड आहे का, एवढंच तो सांगतो. चरबी कुठे बसलीय ते त्याला कळत नाही. धोका तर जागेचाच! पोटात, लिव्हरच्या आजूबाजूला साठलेली चरबी शुगर आणि बीपी बिघडवते. हातपाय काटक्या आणि पोट पुढे, अशी माणसं बीएमआयमध्ये आरामात पास होतात.

काकू तशाच. त्या मूर्तींची आखणी करतात, म्हणजे डोळे रंगवतात. दिवसभर एका जागी मांडी घालून बसायचं. दंड सुकलेले, पोट मात्र मांडीला टेकलेलं. त्यांच्या आईची नजर शुगरने गेली. सकाळीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "माजं पन तसंच व्हायचं काय गो?" आणि आम्ही त्यांना 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवत होतो.

"कंबर मोजू या," मी म्हटलं. टेप मागितला, तर कॅम्पच्या सामानात टेपच नाही! उंचीसुद्धा सगळ्यांना विचारूनच लिहिलेली. माझं डोकं फिरलं.

"मग सुतळी द्या. उंचीएवढी सुतळी घ्यायची, बरोबर निम्मी दुमडायची. निम्मी सुतळी कमरेभोवती आरामात आली पाहिजे. नाही आली तर पोट जास्त. नाही पुरली तर स्ट्रिप काकूंची. कबूल?"

"कबूल," सर हसले. "पुरली तर आम्हाला जेवायला सोड."

कारखान्याचे मालक हरीशदादा, त्यांनीच काकूंची उंची घेऊन सुतळी तोडून दिली. पडद्याआड काकूंनी परकराची नाडी सैल केली, श्वास सोडला. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मी निम्मी सुतळी फिरवली. टोकाला टोक भिडलं.

"बरं झालं गो बाय," काकू म्हणाल्या. बाहेर सर हात धुवायला उठलेसुद्धा.

मला पटेना. मी दुमडलेली सुतळी उलगडली आणि काकूंच्या अंगाला लावून बघितली. टाचेपासून धरली तर डोक्याच्या वर जाते!

"दादा, उंची कुठून कुठपर्यंत घेतलीत?"

"कुठून म्हंजे? पाटापासून मुकुटापर्यंत. आमची उंची तशीच धरतात."

खाली ओल्या प्लास्टरचा चिखल, म्हणून काकूंना मूर्तीच्या पाटावर उभं केलेलं. वर टाळूवर बांधलेला अंबाडा. दादांनी सगळं धरलं होतं.

"दादा, काकू काय विकायच्या हायत? पाट काढा, मुकुट काढा!"

सगळा कारखाना हसला. रंगकाम करणारी एक म्हातारी ओरडली, "अगो सुनंदे, हार घालायचाच रायला!"

काकूंनी अंबाडा सोडला. कोरड्या लादीवर अनवाणी, भिंतीला पाठ लावून पुन्हा उंची घेतली. या वेळी निम्मी सुतळी तीन बोटं कमी पडली.

मी ती तीन बोटं सरांपुढे धरली. सरांनी स्ट्रिप काढली. शुगर चांगलीच वर निघाली. पेणच्या लॅबनेही तेच सांगितलं. पण आजाराची सुरुवातच होती. डोळ्यांचे पडदे तपासले, शाबूत! गोळ्या सुरू झाल्या, रोजचं चालणं सुरू झालं. काकू अजून डोळे रंगवतायत.

त्या दुपारी जेवण राहिलंच. "सगळ्या बारीक लोकांना सुतळी लाव," सर म्हणाले, आणि स्ट्रिप संपल्या तेव्हा आणखी आणायला स्वतः पेणला गेले.

पुढचा कॅम्प रोह्याला, एका कंपनीच्या गेटजवळ. शिफ्ट सुटली. एक ऑपरेटर शर्ट ओढत म्हणाला, "मोजायचं काय त्यात? माझी कंबर बत्तीस हाय. पँटवर लिवलंय."

मी तोंड उघडायच्या आत सरांनी टेप काढला.

"पँट पोटाच्या खाली बांधलीयेस. ती बत्तीसच राहणार. शर्ट वर कर."